हँडल वाकले की चिमटा फिरला?
पडलेल्या मोटारसायकलची तपासणी आणि दुरुस्ती

परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत गावपातळीवरील बराचसा कारभार आज मोटारसायकलवरून चालतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महसूल, कृषी व पंचायत विभागांचे कर्मचारी, शिक्षक, आरोग्यसेविका, डेअरीला दूध घालणारा शेतकरी आणि मोंढ्यावर भाव विचारावयास निघालेला त्याचा शेजारी, या सर्वांची भिस्त याच वाहनावर आहे. सायकलने किंवा बैलगाडीने जे अंतर कापण्यास पूर्वी अर्धा दिवस लागे, ते आता अर्ध्या तासात कापले जाते. या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली आहे. वाहन पडले, तर ते उचलून लगेच पुढे निघण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे अगत्याचे असते. त्या पाहिल्या जात नाहीत, आणि पुढे दुरुस्तीच अपघातास कारण होते.

वाहन घसरण्याचे प्रसंग आपल्या जिल्ह्यात येतातच. येथील जमीन काळी व भारी. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेला चिखल डांबरी रस्त्यावर सांडतो आणि वरून एक सर आली की तोच रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड व पालम या गोदाकाठच्या तालुक्यांत ऊसतोडीच्या हंगामात उसाची वाढे रस्त्यावर पडलेली असतात. जिंतूरकडील डोंगराळ भागात वळणे आहेत व वळणांवर बारीक खडी आहे. अशा ठिकाणी वेग फार नसतानाही चाक सरकते, माणूस थोडक्यात बचावतो आणि गाडीचे हँडल मात्र वाकडे झालेले दिसते.

एक अनुभव

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. यंत्राशी त्याचा संबंध किल्ली फिरविण्यापुरताच होता. काही वर्षांपूर्वी जिंतूरहून परभणीस येताना रस्त्यावरील चिखलात गाडी घसरली. इजा किरकोळ होती. गाडी उभी केली तेव्हा चाक सरळ रेषेत असता हँडल डावीकडे वळलेले दिसले. रस्त्यालगतच्या एका दुकानात गाडी नेली. तेथील कारागिराने हँडलच्या मध्याजवळ गॅसची ज्योत धरली, एका बाजूस लोखंडी पाइप घातला आणि जोर लावून हँडल चाकाशी जुळवून दिले. काम पाऊण तासात झाले, पैसेही थोडे लागले. आम्ही समाधानाने घरी आलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी गावातील एका गतिरोधकावर पुढचे चाक आपटले आणि हँडलची डावी बाजू हातातच खाली झुकली. जेथे ज्योत धरली होती तेथेच नळीला चीर पडली होती. वेग पायी चालण्याइतकाच होता म्हणून अनर्थ टळला. तेथून गाडी एका वयोवृद्ध मेकॅनिककडे नेली. त्यांनी हँडलाकडे पाहिले, नंतर खाली बसून पुढच्या चाकाकडे पाहिले आणि विचारले, “साहेब, हँडल वाकलं होतं का चिमटा फिरला होता, हे आधी कुणी पाहिलं का?”

ते कुणीच पाहिले नव्हते. हँडल मुळात सरळच होते, चिमटा फिरला होता. दोष चिमट्यात ठेवून चांगले हँडल तापवून वाकविण्यात आले होते. चार-सहा नट सैल करून तासाभरात जे काम व्हावयाचे, त्यासाठी जिवावरचा धोका पत्करला गेला होता. त्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

रचना समजून घेऊ

सायकलचा चिमटा एकसंध असतो. त्याच्या दोन्ही फांद्या वर एकाच खांबाला जोडलेल्या असतात. म्हणून सायकलला समोरून धक्का बसला की चिमटा वाकतो. मोटारसायकलची रचना निराळी आहे. तिच्या चिमट्यात दोन स्वतंत्र पाय असतात. प्रत्येक पायात वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळकांड्यात सरकते आणि आत स्प्रिंग व तेल असते. गॅरेजमध्ये यालाच ‘शॉकअप’ म्हणतात. तेलाच्या साहाय्याने हादरा शोषणारा असा चिमटा जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ मध्ये आपल्या ‘आर १२’ या मोटारसायकलला बसविला. आपल्याकडे १९८५ मध्ये हिरो होंडाची ‘सी.डी. १००’ आली, आणि पुढे खेड्यापाड्यांत पसरलेल्या १०० सी.सी. च्या गाड्यांना याच जातीचा चिमटा असतो.

हे दोन पाय तीन ठिकाणी एकत्र बांधलेले असतात. सर्वांत वर एक पट्टी असते, तिच्यावर हँडल बसते. तिच्या खाली दुसरी जाड पट्टी असते, तिला कारागीर ‘टी’ म्हणतात. या टीच्या मध्यातून एक उभा खांब वर जातो. तो सांगाड्याच्या मानेतून, म्हणजे पुढच्या आडव्या-उभ्या नळ्या जेथे मिळतात त्या पोकळ भागातून, वर निघतो व वरच्या पट्टीत नटाने आवळला जातो. मानेच्या दोन्ही टोकांस गोळ्यांचे बेअरिंग असते, त्याला ‘कोनसेट’ असे नाव रूढ आहे. सर्वांत खाली चाकाचा एक्सल दोन्ही पायांना जोडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नळ्या वरच्या पट्टीत व टीमध्ये वेल्डिंगने जोडलेल्या नसतात, केवळ बोल्टांच्या पकडीने धरलेल्या असतात. खांब टीशी एकजीव असतो, परंतु वरची पट्टी त्या खांबावर नटाच्या दाबानेच बसलेली असते. गाडी पडते तेव्हा चाक एका दिशेने व हँडल दुसऱ्या दिशेने ढकलले जाते. या पिळामुळे नळ्या पकडीत किंचित सरकतात आणि वरची पट्टी टीच्या मानाने थोडी फिरते. हँडल वरच्या पट्टीवर व चाक खालच्या टोकाशी असल्याने दोघांची दिशा जुळेनाशी होते. कोणताही भाग वाकलेला नसतो, फक्त बांधणी आपल्या जागेवरून हललेली असते. कमी वेगाने आडवी पडलेल्या गाडीत बहुधा असेच घडते.

याउलट, गाडी बैलगाडीच्या जुवावर, पुलाच्या कठड्यावर किंवा दगडावर समोरून आदळली असेल, तर नळ्या, टी किंवा सांगाड्याची मान यांपैकी काहीतरी वाकण्याचा संभव अधिक असतो. हँडल जमिनीवर जोराने आपटले असेल, तर तेही खरोखर वाकलेले असू शकते. तेव्हा फिरणे आणि वाकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत व त्यांचे उपायही निराळे आहेत.

तपासणीच्या साध्या रीती

या तपासणीसाठी मोठ्या कारखान्याची गरज नाही. सुतळी, फूटपट्टी, एक सरळ काठी आणि जाड काचेचा एक तुकडा एवढी सामग्री पुरेशी आहे.

पहिली तपासणी हँडलाची. दोन्ही मुठींवर सरळ काठी आडवी ठेवावी व मागून पाहावे. काठी वरच्या पट्टीशी समांतर असली पाहिजे. नंतर प्रत्येक मुठीच्या टोकापासून वरच्या पट्टीच्या मध्यावरील मोठ्या नटापर्यंतचे अंतर सुतळीने मोजावे. दोन्ही बाजूंची मापे सारखी आली व काठीही समांतर असली, तर हँडल सरळ आहे. मग चाकाशी ते कितीही वाकडे दिसो, दोष खाली आहे असे समजावे. मापे जुळली नाहीत तर हँडल वाकले आहे.

दुसरी तपासणी काचेची. टीच्या खाली दोन्ही नळ्यांचा चकचकीत भाग उघडा असतो. त्यावर रबरी आवरण असल्यास ते सरकवावे व नळ्या पुसून घ्याव्यात. दोन्ही नळ्यांवर एकाच वेळी टेकेल अशी जाड, सपाट काच समोरून लावावी. काचेच्या कडा घासलेल्या असाव्यात, म्हणजे हात कापणार नाही. काच चारही कोपऱ्यांनी नीट बसली तर नळ्या एकाच पातळीत आहेत. ती डुगडुगली तर एक नळी पुढे व दुसरी मागे गेली आहे, म्हणजे चिमटा फिरला आहे किंवा नळी वाकली आहे.

तिसरी तपासणी सुतळीची. मागच्या टायरच्या पाठीमागे, जमिनीपासून वीतभर किंवा थोड्या अधिक उंचीवर, सुतळी बांधावी व तिची दोन्ही टोके टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवीत पुढच्या चाकापलीकडे ताणून धरावीत. वाटेत स्टँड किंवा अन्य भाग सुतळीस अडत नाही हे पाहावे. पुढचे टायर सहसा मागच्याहून अरुंद असते, त्यामुळे चाक सरळ धरले असता दोन्ही बाजूंस सुतळी व टायर यांत सारखी फट दिसली पाहिजे. फट एका बाजूस जास्त व दुसऱ्या बाजूस कमी असेल, तर दोन्ही चाके एका रेषेत नाहीत. मात्र मागचे चाक साखळी ताणताना वाकडे बसविले गेले असल्यासही असे दिसते. म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा प्रथम जुळवून घ्याव्यात.

चौथी तपासणी बाजूने पाहण्याची. फूटपट्टीची कड नळीच्या पुढील अंगास उभी लावावी. मध्ये प्रकाशाची फट दिसली तर नळी वाकली आहे. टीच्या अगदी खाली हे वाकणे बहुधा आढळते. पुढचा ब्रेक धरून हँडलावर भार दिला असता शॉकअप अडखळत खाली जात असेल, किंवा खाली जाऊन वर येत नसेल, तर तेही वाकलेल्या अथवा पिळलेल्या नळीचे लक्षण होय.

पाचवी तपासणी मानेची व कोनसेटची. सांगाड्याच्या मानेखाली रंगाला सुरकुती पडली आहे काय, पापुद्रा उडाला आहे काय, जोडाजवळ केसासारखी चीर आहे काय, हे उजेडात पाहावे. त्यानंतर पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर धक्क्याने बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. चाकाजवळ नळ्या धरून मागेपुढे हलविल्यावर वर ‘टक’ असा आवाज आला, तर कोनसेट सैल आहे.

यांखेरीज चाक ‘आऊट’ झाले आहे काय तेही पाहावे. चाक उचलून फिरवावे व रिमजवळ एक काडी स्थिर धरावी. रिम काडीपासून कमीजास्त अंतरावर जात असेल तर दोष चाकातही आहे. तारांच्या चाकाचा आऊट अनुभवी कारागीर काढू शकतो. ओतीव चाक वाकले किंवा चिरले असेल तर ते बदलणेच योग्य.

फिरलेला चिमटा सरळ करणे

काच डुगडुगते, हँडल मात्र स्वतः सरळ आहे आणि नळ्यांना बाक नाही, असे आढळले तर काम सोपे आहे. तथापि ते क्रमाने व्हावयास हवे.

गाडी सपाट जागेवर मुख्य स्टँडवर उभी करावी व इंजिनाखाली लाकडी ठोकळा घालून पुढच्या चाकावरील भार काढावा. नळ्यांची टोके वरच्या पट्टीत किती उंचीवर आहेत त्याची खूण करून ठेवावी. मग एक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट, टीमधील पकडीचे दोन्ही बोल्ट, वरच्या पट्टीवरील बोल्ट आणि मध्यावरचा मोठा नट हे सर्व सैल करावेत. सैल करावेत, काढू नयेत. एक-दोन वेढे पुरेसे होतात. वरच्या पट्टीखाली कोनसेट जुळविण्याचा जो नट असतो त्याला या वेळी हात लावू नये.

आता चाकाकडे तोंड करून उभे राहावे, चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरावे व हँडल दोन्ही हातांनी हळूहळू उलट दिशेने फिरवावे. हिसका देऊ नये, हातोडा तर मुळीच वापरू नये. चाक व हँडल काटकोनात आले असे दिसले की काच लावून खात्री करावी. बोल्ट हाताने थोडे आवळून, इंजिनाखालचा ठोकळा काढून गाडी स्टँडवरून उतरवावी आणि पुढचा ब्रेक धरून हँडल चार-सहा वेळा खाली दाबावे. त्यायोगे दोन्ही पाय आपापल्या नैसर्गिक जागी बसतात.

त्यानंतर प्रथम टीचे बोल्ट, मग मध्यावरचा नट, मग वरच्या पट्टीचे बोल्ट आणि शेवटी एक्सल व मडगार्ड या क्रमाने आवळावे. ज्या गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम दिला असेल तेथे पुस्तिकाच प्रमाण मानावी. बोल्ट किती ताकदीने आवळावा याचेही माप पुस्तिकेत दिलेले असते व ते दर्शविणारा ‘टॉर्क पाना’ मिळतो. कमी आवळलेली पकड पुन्हा सरकते, अति आवळल्यास पकड तडकते किंवा आटे जातात. म्हणून ज्यास अनुभव नाही त्याने हे काम माहितगार मेकॅनिककडून करून घ्यावे, पण आपल्या समक्ष करून घ्यावे. सर्व आवळल्यावरही काच डुगडुगत असेल, तर आता शंकेस जागा नाही: नळी किंवा टी वाकलेली आहे.

वाकलेले हँडल तापवू नये

येथे एक प्रश्न साहजिकच विचारला जाईल. आपला लोहार वखराची पास तापवून सरळ करतो, नांगराच्या फाळाला पुन्हा धार लावून पाणी देतो, आणि ती अवजारे आणखी काही हंगाम चालतात. मग हँडलच का सरळ करू नये?

लोहाराच्या कौशल्याविषयी शंका नाही, फरक वस्तूत आहे. पास किंवा फाळ भरीव असतो. तो सर्व भागांत सारखा तापविला जातो, ठोकला जातो व पाणी देऊन त्याचा कठीणपणा परत आणला जातो. तो मोडला तर अर्धा दिवस खोळंबा होतो, त्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो. हँडल ही पातळ पत्र्याची पोकळ नळी असते. ती वाकते तेव्हा आतील अंगाला चेपते व बाहेरील अंगाला ताणली जाते. पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकून पूर्ववत होते, पण ती मर्यादा ओलांडली की त्याची रचनाच बदलते. उलट वाकवून ते डोळ्यांस सरळ दिसले तरी त्याच जागेवर दुसऱ्यांदा ताण दिलेला असतो. लोखंडी तार दोन-चार वेळा मागेपुढे वाकविली की तुटते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. हँडलचेही तसेच होते, फक्त ते लगेच न तुटता पुढे केव्हातरी तुटते.

ज्योत धरल्याने हानी वाढते. नळीचा एवढाच भाग मऊ पडतो, वरचा क्रोमचा थर जळतो व तेथून गंज धरतो. पुढे प्रत्येक खड्ड्याचा हादरा त्या दुबळ्या जागी साठत जातो आणि सूक्ष्म चीर वाढत राहते. नव्या हँडलाची किंमत संपूर्ण गाडीच्या मानाने अल्प असते. म्हणून वाकलेले हँडल बदलावे, हा नियम निरपवाद समजावा. रस्त्यात दुसरा उपाय नसेल तर गाडी टेम्पोत किंवा छोट्या हत्तीत घालून आणावी.

वाकलेली नळी आणि मान

चिमट्याच्या नळीबाबत तर अधिकच दक्षता हवी. ही नळी यंत्रावर अचूक मापाने घासलेली असते व तिच्यावर कठीण क्रोमचा थर असतो. ती काढून दोन आधारांवर फिरवीत मापक घड्याळाने तिचा बाक मोजतात. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ही मर्यादा ०.२ मिलिमीटर इतकी अल्प दिलेली आढळते. दाबयंत्रावर नळी सरळ करून देण्याचा व्यवसाय ठिकठिकाणी चालतो. परंतु अनेक उत्पादक वाकलेली नळी सरळ करून पुन्हा वापरू नये, असे स्पष्ट बजावतात. दाबाने क्रोमला चिरा जातात, त्या चिरा ऑइल सील कापतात, तेल गळू लागते आणि ते ब्रेकवर उतरले तर ब्रेक लागेनासा होतो.

याहून महत्त्वाची बाब निराळीच आहे. पुढचा ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि चिमट्यावर मागे वाकविणारा जोर पडतो. वाटेत एकाएकी मूल धावत आले, बैल आडवा आला, तर त्या क्षणी हा जोर सर्वाधिक असतो. सरळ केलेली नळी नेमकी त्याच क्षणी दगा देण्याचा संभव असतो.

टी वाकली असल्यास तीही बदलावी. सांगाड्याच्या मानेजवळ सुरकुती किंवा चीर दिसली तर गाडी चालवू नये. अधिकृत सेवा केंद्राकडून सांगाडा मोजून घ्यावा व ते देतील तो निर्णय मान्य करावा. मानेवर साधे वेल्डिंग करून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे संकटास निमंत्रण होय.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

काम पूर्ण झाल्यावर इंजिन सुरू ठेवून, गाडी मुख्य स्टँडवर असता, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. वळविताना इंजिनाचा वेग आपोआप वाढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. क्लचची केबल, दिव्यांच्या तारा व डिस्क ब्रेकची नळी कोठे अडकत नाहीत हे पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. वरील नव्या दुचाकींना चाक न अडकू देणारी ए.बी.एस. ही ब्रेकप्रणाली आवश्यक झाली आहे. अशा गाडीत चाकाजवळील संवेदकाची तार नीट बसली आहे व फलकावरील इशाऱ्याचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझतो, याचीही खात्री करावी.

मग मोकळ्या जागी सावकाश गाडी चालवून पाहावी. ती एका बाजूस ओढते काय, ब्रेक लावल्यावर हँडल फिरते काय, हे ध्यानात येईल. काही दिवस वापरल्यावर सर्व बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

कायदा व आपले कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये, ज्या दोषामुळे वाहन इतरांस धोकादायक ठरते, आणि जो चालकास ठाऊक आहे किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळला असता, असा दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा अपराध आहे. असे वाहन दुसऱ्यास चालवू देणे हाही अपराधच आहे. आपल्या मुलाच्या किंवा हाताखालील कर्मचाऱ्याच्या हाती वाकडी गाडी देणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. त्याच अधिनियमाच्या कलम १२९ नुसार शिरस्त्राण चालकाप्रमाणे मागे बसणाऱ्यासही आवश्यक आहे. गाडीचा विमा केवळ त्रयस्थाच्या हानीपुरता असेल तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च त्यातून मिळत नाही. सर्वंकष विमा असल्यास सुटे भाग काढण्यापूर्वी विमा कंपनीस कळवावे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

या कामी गावातील जाणत्या मंडळींना बरेच करता येण्यासारखे आहे. शिक्षकांनी तारेचा व काचेचा प्रयोग वर्गात करून दाखविल्यास विज्ञानाचा पाठ आणि सुरक्षेचा पाठ एकाच तासात होईल. पंचायत सदस्यांनी पेरणीच्या व ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर सांडलेला चिखल व वाढे ज्याची त्याने उचलावीत, असा दंडक गावात घालून द्यावा. गावात दुचाकी दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी ही विद्या पाहून-पाहून आत्मसात केलेली असते. त्यांची हातोटी चांगली असते, मापाची सवय मात्र नसते. त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षणाची वाट दाखविली, तर त्यांचा धंदा वाढेल आणि गावाचेही हित होईल. ग्राहकानेही ‘स्वस्तात सरळ करून द्या’ असा आग्रह धरू नये. कारागीर पुष्कळदा त्या आग्रहापोटीच गॅसची ज्योत हाती घेतो.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही आपल्या जिल्ह्याविषयीची जुनी म्हण आपण थट्टेने उच्चारतो. मोटारसायकलच्या हँडलाबाबत मात्र ‘बनी तो बनी’ असे म्हणून चालणार नाही. गाडी पडली, तर प्रथम चालकाची प्रकृती पाहावी, नंतर गाडी उभी करावी आणि कोणताही पाना हाती घेण्यापूर्वी त्या वृद्ध मेकॅनिकचा प्रश्न स्वतःस विचारावा : हँडल वाकले की चिमटा फिरला? फिरला असेल तर सैल करून जुळवावा, वाकले असेल तर बदलावे. एवढे पथ्य पाळले तर शाळेत निघालेले गुरुजी, शिवारात निघालेला शेतकरी आणि कामावर निघालेला कर्मचारी संध्याकाळी सुखरूप घरी परततील.